चाळणीच्या खोलीतला पंखा

चाळणीच्या खोलीतला पंखा मी बंद करायला सांगितला. वरून लेखी हुकूम नव्हता, कुणी माझा हात धरून बटण दाबायला लावलं नव्हतं. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण इतकी वर्षं ही गोष्ट मनातल्या मनात सांगायला बसलो की मी सुरुवात दुसरीकडून करायचो. कारखाना लहान होता, माणसं कमी होती, वरून दाब होता. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही कामाचं नाही.

आमचा कारखाना गोळ्यांचा. यवतमाळहून दारव्ह्याच्या वाटेवर, एका बाजूला जिनिंग आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेली तेलगिरणी, मधे आमची पांढरी इमारत. मी औषधशास्त्र शिकलेला. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, त्यामुळे कागद नीट ठेवायची सवय घरातूनच आलेली. म्हणून उत्पादनाबरोबर सुरक्षेचे कागदही माझ्याच टेबलावर आले. कोणत्या कामात काय धोका आहे ते ओळखायचं, त्यावर उपाय काय ते लिहायचं, खाली सही करायची.

धोक्याच्या तक्त्यात दोन आकडे असतात. अपाय घडायची शक्यता किती, एक ते पाच. घडला तर इजा किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. गुणाकार मोठा आला की यंत्रात बदल करावा लागतो, काम थांबवावं लागतं, वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. लहान आला की ‘कामगारांना सूचना दिल्या’ एवढ्यावर भागतं. शिकवतात असं, की आधी खोलीत जा, तासभर उभे राहा, बघा, मग आकडे टाका. आमच्याकडे आधी गुणाकार ठरायचा. मग त्याचे दोन तुकडे शोधायचे. ‘स्टिरॉइडच्या पावडरीची धूळ श्वासातून जाणे : शक्यता दोन, इजा तीन, एकूण सहा, धोका कमी.’ इजा तीन म्हणजे ‘तात्पुरता त्रास’. हे अक्षर माझं आहे. आणि ज्या विषयात हे शिकवतात त्या विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

पंखा म्हणजे छताचा नव्हे. गोळीची पावडर यंत्राच्या चाळणीतून जाते तेव्हा धूळ उठते. ती ओढून घ्यायला चाळणीच्या तोंडाशी एक जाड नळी असते, भिंतीपलीकडच्या गाळणीला जोडलेली. त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. कामावरच्या बाया पंखा म्हणत, मीही म्हणू लागलो. आमच्या पंख्याचं ओढणं कमीजास्त करायची झडप गंजून एकाच जागी बसली होती. तो चालू केला की धुळीबरोबर चांगला मालही ओढून न्यायचा. जितकी पावडर आत टाकली तितकी बाहेर येईना. स्टिरॉइडची पावडर सगळ्यांत महाग, आणि आमच्याकडे माल बहुतेक तिचाच. आमच्या मॅनेजरांनी दोनदा मला बोलावून विचारलं, “पावडर गेली कुठं? बाया घरी नेतात का पोळ्या लाटायला?” तिसऱ्यांदा विचारायची वेळ मी येऊ दिली नाही.

चाळणीवर एकच बाई होती. तिशीच्या आतली, अंगानं काटकुळी, हाताला चपळ. घरी नवरा, सासू आणि सोयाबीन-तुरीचं स्वतःचं रान. रोज जीपमधे दाटीवाटीनं बसून यायची.

“स्टिरॉइडचा माल असला की पंखा बंद ठेवायचा,” मी तिला सांगितलं.

“धूळ लय उडते ना साहेब मंग.”

“मास्क आहे ना?”

“हाय.”

“मग?”

तिनं मास्क नाकावर ओढला. तो कागदी होता, चहाच्या गाळणीइतकाही कामाचा नव्हता. खरे मास्क, डब्या लावलेले, दोन होते. माझ्या कपाटात, पिशवीचं सील न फोडता ठेवलेले, तपासणीला कुणी आलं की दाखवायला. ते कपाट मी रोज उघडायचो. माझा जेवणाचा डबा त्यातच असायचा.

आता बांगड्यांचं सांगतो, कारण मला सगळं तिथेच कळलं. औषधाच्या कारखान्यात हातात काही घालून आत जाता येत नाही. काच फुटून गोळीत गेली तर सगळा माल फेकावा लागतो. पण लग्न झालेल्या बाया हिरव्या बांगड्या काढायला तयार नव्हत्या, आणि त्यांना काढायला लावणारा माणूस आमच्याकडे जन्मलेला नव्हता. मग तोड निघाली. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून बाया बांगड्या मनगटाशी घट्ट बसवायच्या, वरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळायच्या, त्यावर हातमोजा. नियमात हे कुठंच नाही. मी रोज दारात उभा राहून पट्ट्या तपासायचो. एवढं काम मात्र मी मन लावून केलं.

चाळणीवालीला सुरुवातीला पट्टीचे दोन वेढे पुरायचे. पंखा बंद झाल्यावर काही महिन्यांनी चार लागायला लागले. बांगड्या सैल होऊन कोपराकडे घसरत होत्या. हात बारीक होत होते आणि त्याच वेळी चेहरा भरत होता. गाल वर आले, हनुवटीखाली वळी पडली, रंग लालसर, तुकतुकीत. स्टिरॉइडनं असा चेहरा कसा होतो ते पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. पूर्ण चंद्रासारखा, असंच लिहिलेलं असतं. परीक्षेत तो प्रश्न मी सोडवला होता.

आणि सगळ्या कारखान्याला आनंद झाला होता. याचा मला आजही संताप येतो, आणि तो बायांवर नाही. त्यांना काय माहीत असणार. काटकुळी सून भरली म्हणजे घरात सुख आहे, एवढं सगळ्यांना कळत होतं. तिची सासू जीपमधल्या बायांना सांगायची, कंपनीचं पाणी मानवलं आमच्या सुनेले.

जेवायच्या सुट्टीत चेष्टा चालायची.

“काय वं, कोणत्या चक्कीचं पीठ खाऊन राह्यली?”

“चाळणीचं,” ती म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या.

“थोडं आमच्या बी डब्यात टाक ना माय.”

“तुले कायले पायजे? तू तं दारात मावत नाही.”

मीही हसलो. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

मग त्या खोलीसाठी मागणी सुरू झाली. बाया येऊन म्हणायच्या, साहेब, चाळणीवर बदली द्या, तिथं अंगाला लागतं. माझ्या चुलत बहिणीची मुलगी नुकतीच पॅकिंगला लागली होती. बाहेर मामा म्हणायची, आत साहेब. एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात तिनं मला गाठलं आणि विसरून मामाच म्हणाली.

“मामा, मले चाळणीवर टाका ना. माह्या अंगाले काही लागतच नाही. सासू म्हणते, हिची हाडकं मोजून घ्या.”

“नको.”

“काहून?”

“नको म्हटलं ना. पॅकिंग बरी आहे तुला.”

मी इतक्या पटकन बोललो की ती एक पाऊल मागं सरली. बाकावर चाळणीवाली बसली होती, दातात चिकटपट्टीचं टोक धरून. तिनं टोक सोडलं.

“तिले काहून नको साहेब? मले तं चालते.”

“तुला सवय आहे,” मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं, असं मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ही सकाळ आडवी आली. माहीत नसतं तर भाचीला नको कशाला म्हणालो असतो? तीन शब्दांत मी त्या दोघींची किंमत वेगवेगळी करून ठेवली, आणि एकीला ती समोर बसवून ऐकवली.

उन्हाळ्यात चाळणीवाली नात्यातल्या लग्नासाठी आठ दिवस सुट्टीवर गेली आणि आजारी पडली. उलट्या, चक्कर, उठवेना. तशीच कामावर आली आणि दोन-तीन दिवसांत बरी झाली. बाया म्हणाल्या, हिले कंपनीबिगर करमत नाही. सासू म्हणाली, कामाची सवय लागलेलं अंग आहे, घरी बसलं की दुखते. याचंही कारण पुस्तकात आहे. आपलं शरीर स्टिरॉइड स्वतः थोडं थोडं तयार करतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की आतलं तयार करणं थांबतं. मग बाहेरचं अचानक तुटलं की माणसाजवळ काहीच उरत नाही. रक्तदाब पडतो, साखर पडते, माणूस जातोसुद्धा. ती धुळीत परत आली म्हणून बरी झाली. आणि मी तिची हजेरी लावली.

दिवाळीला कारखाना दोन आठवडे बंद होता. ती महागावकडे माहेरी गेली होती, कापूस वेचायला भावजयीबरोबर उतरली आणि शेतातच पडली. पुसदच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. मॅनेजर म्हणाले, “कंपनीतर्फे जाऊन ये.” मी मोसंब्यांची पिशवी घेऊन गेलो.

ती खाटेवर होती, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. तोंड तेवढं गोल. नवरा उशाशी, सासू पायथ्याशी. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, हात उचलून दंड पाहिला, पोटावरच्या जांभळ्या रेघा पाहिल्या आणि नवऱ्याला विचारलं, “कुणाची पुडी खाते ही?”

“कायची पुडी?”

“वैदूची. सांधे दुखतात, अंग भरत नाही म्हणून घेतात लोक. त्यात स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. कधीपासून खाते?”

“नाही जी. कायचीच पुडी नाही.”

“खोटं बोलू नका. बाईचा जीव जाईल.”

“आईची शपथ साहेब,” नवरा म्हणाला. पायथ्याशी त्याची आई उभीच होती.

डॉक्टरांचा आवाज चढला. तुम्ही लोक लपवता आणि मग आमच्या दारात मरता, असं काहीतरी ते बोलले. चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही, त्यांनी ओळखलं होतं ते अगदी बरोबर होतं, फक्त पुडी कुठली ते त्यांना कुणी सांगत नव्हतं. नवऱ्याचे कान लाल झाले होते. खरं बोलणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणत होते, आणि खरं काय ते ठाऊक असलेला माणूस तिथून तीन हातांवर मोसंब्या घेऊन उभा होता. सासू हळूच सुनेकडे पाहायला लागली. ती नजर मी बदलताना पाहिली. मी पिशवी खाटेखाली ठेवली आणि बाहेर पडलो.

स्टँडवर यवतमाळची गाडी लागलेली होती. चढलो. खिडकीची जागासुद्धा मिळाली. वाहकानं “कुठं?” विचारलं, आणि मला गावाचं नाव सांगता येईना. मी उतरलो.

डॉक्टर त्यांच्या खोलीत एकटे होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. औषधाचं नाव, किती महिने, पंखा बंद. त्यांनी आधी बाहेर जाऊन नर्सला इंजेक्शन सांगितलं आणि परत येऊन माझ्याकडे पाहत राहिले.

“मघाशी तुम्ही इथंच होता ना? पिशवी घेऊन?”

“हो.”

“मग?”

तोच शब्द मी तिला चाळणीपाशी म्हणालो होतो.

“कारखान्याचं घरच्यांना तुम्ही सांगू नका,” मी म्हणालो. “मी सांगतो.”

“सांगाल?”

“सांगतो.”

तिचा जीव वाचला. पुढं कित्येक महिने तिला तेच औषध गोळीनं घ्यावं लागलं, हळूहळू कमी करत. कारखान्यात ती परत आली नाही. आणि मी घरच्यांना सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात म्हटलं, बरी होऊ दे. मग म्हटलं, आता बरी झाली, कशाला उकरायचं. मग चार वर्षं झाली.

पंख्याचं काय झालं तेही लिहितो. पुसदहून आल्यावर कारखाना उघडला त्याच दिवशी मी मॅनेजरांना म्हणालो, झडप बदलावी लागेल. ते म्हणाले, “बदल की मग.” एवढंच. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा. दुपारपर्यंत बसवून झाला, पंखा धूळ तेवढी ओढायला लागला, माल जागच्या जागी राहिला. कुणी अडवलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. खलनायक म्हणून दाखवायला मला एखादा मालक, एखादा साहेब हवा होता, आणि शोधून शोधून हाती लागली ती गंजलेली झडप आणि माझी सही. झडप बदलली तरी तक्ता मी बदलला नाही. आता आकडा वाढवला तर आधीचा का कमी होता, असं कुणी विचारेल म्हणून. दरवर्षी तो तक्ता पुन्हा सहीला यायचा. दोन, तीन, सहा, कमी.

गेल्या हिवाळ्यात भाची भेटली. ती अजून त्याच जीपनं येते. सहज म्हणाली, “मामा, ते चाळणीवाली होती ना, तिच्या हातचा चहा सासू पीत नाही. पुड्या खाये म्हणते चोरून, फुगायसाठी. आमाले बी काय मिसळून देईन काय माहीत, म्हणते. नवरा बी कमीच बोलते.”

मी तक्ता काढला. पंखा बंद होता त्या वर्षीची शक्यता पाच, इजा पाच केली, जुन्या पानांवर खरं काय होतं ते शेजारी लिहिलं आणि मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचून दार लावून घेतलं. त्यातून पुढं जे व्हायचं ते होवो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेलो.

ती अंगणात तुरी वाळत घालत होती. चेहरा ओसरला होता, पूर्वीसारखा काटकुळा, पण वय एकदम पुढं गेलेलं. बांगड्या दोन-दोनच होत्या. नवरा बैलाला पाणी दाखवत होता. सासूनं मला बाज दिली.

मी खालच्या आवाजात तिला सांगायला सुरुवात केली. तिनं मला मधेच थांबवलं.

“मले नका सांगू. तिले सांगा.”

मी सासूकडे वळून तेच सांगितलं.

“मोठ्यानं साहेब. तिले कमी ऐकू येते.”

मी मोठ्यानं सांगितलं. आयुष्यात मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. पुडी नव्हती. कारखान्यातल्या धुळीत औषध होतं. पंखा मी बंद करायला सांगितला. मला माहीत होतं. शेजारच्या अंगणातली बाई सुपासकट उभी राहिली. नवरा बादली खाली ठेवून जवळ आला.

“आता ह्यायले सांगा,” ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. “ते मघाशी तिकडे होते.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं.

नवरा माझ्याकडे पाहत नव्हता. “त्या डॉक्टरनं मले खोटारडा म्हटलं,” तो म्हणाला. “तुम्ही तिथंच होते ना?”

“होतो.”

“मोसंब्या आणल्या होत्या,” सासू म्हणाली. तिला आठवलं ते एवढंच. मग म्हणाली, “मंग चार वर्षं कोठी होते बाप्पा तुम्ही?”



चाळणीवालीनं हात पदराला पुसले. “आता कोण हाय त्या खोलीत?”

मी सांगितलं, एक नवीन बाई आहे.

“पंखा चालू राह्यते?”

“राहतो.”

“तिले पट्टीचे किती येढे लागते?”

मला वाटायचं, ते वेढे फक्त मीच मोजत होतो. “दोन,” मी म्हणालो. कालच पाहिले होते.

ती आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. आम्ही तिघं अंगणात बसलो. ती चहा घेऊन आली तेव्हा ताटलीत तीन कप होते. एक नवऱ्याला दिला. एक स्वतःसाठी खाली ठेवला. तिसरा सासूपुढं धरला आणि धरूनच राहिली.

म्हातारीनं कप घेतला. बशीत चहा ओतला, त्यावर कितीतरी वेळ फुंकर घातली, आणि प्यायली.

मी उठलो. जीपला अजून वेळ होता, पण मी फाट्यापर्यंत चालत गेलो.